उभे खडू

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना कुणी वय विचारलं, तर ते म्हणत, "एक्केचाळीस. चूक एक वरीस."

विचारणारा हसायचा. सर हसत नसत. निजामाच्या राज्यात शाळेत नाव घालताना तिथल्या मास्तरांनी त्यांची जन्मतारीख अंदाजानं ठोकून दिली होती, आणि ही गोष्ट सरांच्या मनाला कायमची लागून राहिली होती. "माय म्हणती, तुरी काढायच्या वक्ताला झालास. आता कोणत्या सालच्या तुरी, ते तिला आठवत न्हाई. म्हणून एक वरीस चूक धरायची," असं ते अगदी गंभीरपणे समजावून सांगत.

त्र्याहत्तर साली मी मंठ्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत अडवलं होतं. "बाई, घरापासून शाळा किती पावलं?" मी म्हटलं, मोजली नाहीत. "मंग मी सांगतो. सहाशे चाळीस. चूक दहा. तुमच्या मागून आल्तो आज." नवीन नोकरी, तरुण वय, आणि हा गृहस्थ सांगतोय की मी तुमच्या मागून चालत आलो! मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं. वडील हसून म्हणाले, "त्याला चाल मोजायची खोड हाय. माणूस सोन्यासारखा हाय." वडील या माणसाला आधीपासून ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं. कसे ओळखत होते ते पुढं सांगते.

मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. सगळी सरकारी कामं परतूरच्या तहसिलीत. जालना जिल्हा व्हायला अजून बरीच वर्षं होती. गावात बाजार मोठा, शेटजींची गोदामं मोठी आणि हायस्कूल बेताचं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक तराजू, दोन चंबू आणि किल्ली हरवलेला एक कप्पा. पण सरांना त्याचं काही वाटत नसे. मोजायला यंत्र लागतं हेच त्यांना मान्य नव्हतं.

सहामाहीचे पेपर तपासले की ते गुणपत्रकात लिहीत, 'त्रेचाळीस, चूक दोन.' हेडमास्तर कपाळाला हात लावत. "अहो, पण पास का नापास ते लिहा ना." चौतीस गुण मिळालेल्या पोराचा पेपर तर सर तीनदा तपासत, मधे एक दिवस जाऊ देऊन, तोंड धुऊन. "माझीच चूक दोन मार्कांची हाय, मंग पोराला एका मार्कानं कसा पाडू?" कुणा विद्यार्थ्यानं प्रयोगाच्या वहीत 'चूक शून्य' असं लिहिलं, तर मात्र वही भिंतीवर जाऊन आदळायची. "चूक शून्य लिहिणारा एक तर खोटा, न्हाई तर देव! तू कोण हायेस?" वर्ग एका सुरात ओरडायचा, "खोटा, सर!" आणि ज्याची वही फेकली तोही त्यात असायचा. "पहले चूक, मंग आकडा," हे त्यांचं ब्रीद. फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी ते रंगानंच लिहून ठेवलं होतं, म्हणजे पुसायला नको.

आणि या माणसाचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे अणुबॉम्ब. बॉम्बचं नव्हे, बॉम्ब मोजण्याचं. कुठून कुठून जुनी इंग्रजी मासिकं मागवून, रद्दीतून काढून ते वाचत आणि मधल्या सुट्टीत माझ्यासारख्या भाषावाल्या बाईला धरून सांगत. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांना ऐकणारं माणूस हवं असे.

"बॉम्ब फोडणं सोपं हाय, बाई. फुटल्यावर तो केवढा फुटला, हे सांगणं अवघड. जवळ यंत्र ठेवलं तर जळून जातं. दूर ठेवलं तर त्याला ऐकू येत न्हाई. मंग काय करता?"

"काय करतात?"

"डोकं चालवतात! अमेरिकेत पहिला फोडला तेव्हा एवढाली यंत्रं मांडून ठेवल्ती. तिथंच एका साहेबानं कागदाचे कपटे हातात धरले, हवेचा धक्का आला तसे सोडले, ते किती पावलं लांब पडले ते मोजलं आणि तिथल्या तिथं अंदाज सांगितला. दुसऱ्यानं पत्र्याचे रिकामे डबे ठेवले. धक्क्यानं डबा जेवढा चेपंल तेवढा स्फोट मोठा. डब्यात पाणी भरून बघायचं, पहले किती मावत होतं, आता किती मावतं. बस! कुणी तर दातांच्या पेस्टच्या रिकाम्या नळ्या टांगल्या. आणि जमिनीखाली फोडला, तर मंग वितळलेला दगड उकरून आणायचा, त्यात काय काय नवीन तयार झालं ते मोजायचं. न्हाई तर हजार कोसांवर भूकंपाच्या यंत्राची सुई किती हलली ते बघायचं. कपटे, डबे, दगड, सुई. सगळं आपल्या घरात असतंय, बाई!"

एकदाच त्यांचा आवाज पडलेला मी ऐकला. जपानातल्या शहरात बॉम्ब किती उंचीवर फुटला, हे शास्त्रज्ञांनी कसं शोधलं ते सांगत होते. दगडावर, भिंतीवर वस्तूंच्या सावल्या भाजून उमटल्या होत्या. त्या सावल्यांचे कोन मोजले आणि उंची काढली. "हे गणित आपण नववीला शिकवतो. झाडाची सावली दिलीय, उंची काढा," एवढं बोलून ते थांबले. नंतर मी पाहिलं, नववीला ते गणित शिकवताना सर खुर्चीत बसत नाहीत. पूर्ण तास उभे राहतात, आणि चपला दाराबाहेर काढलेल्या असतात. मी कारण विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

आता वडिलांचं सांगते. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर दादांनी गावकीचं काम कायमचं सोडलं आणि येलदरीच्या धरणावर मजुरीला गेले. तिथं ते सुरुंगाचं काम शिकले. परत आले ते हाताला कसब आणि खिशात सरकारी परवाना घेऊन. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात जागोजाग विहिरी खोदल्या गेल्या, आणि खालचा काळा पाषाण फोडायला सगळ्यांना दादाच लागत. पहारीनं भोकं पाडायची, दारूच्या कांड्या ठासायच्या, वात पेटवायची आणि वर येऊन ओरडायचं, "होश्शियाऽऽर!" ज्या वाड्यांच्या दारात आमच्या आज्याला उभं राहू देत नव्हते, त्या वाड्यांतली माणसं दादांच्या एका हाकेसरशी आत पळत. तो परवाना आमच्या घरात फ्रेम करून भिंतीवर लावला होता. माझी पदवी त्याच्या खाली, छोट्या खिळ्याला.

सर आणि दादांची ओळख झाली ती अशी. दादा जिथं सुरुंग उडवणार, तिथं हा मास्तर आधीच येऊन हजर! बॉम्ब काही मंठ्यात फुटणार नव्हता, तेव्हा सुरुंगावर हात साफ करायचा. एका हातात वही, दुसरा हात वर, मुठीत जुन्या उत्तरपत्रिकांचे कपटे. धमाका झाला की मूठ उघडायची. पण मंठ्याच्या उन्हाळ्यात वारा कधी थांबतोय? कपटे कायम एकाच दिशेला जायचे. मग सर धमाक्याच्या आधी एक मूठ सोडत, धमाक्याला एक आणि नंतर एक, आणि तिन्हींची वजाबाकी करत. पोरं गोळा होत. म्हातारे म्हणत, मास्तरला उन्हानं लागलंय. दादा मात्र त्यांना "या सर, बसा सर" करत. "मामा, किती कांड्या लावल्या?" असं सर विचारत आणि दादा खरं सांगत. दादांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या कामाचा हिशेब एवढ्या आदरानं विचारत होतं.

डब्यांचा प्रयोग मात्र फसला. सरांनी वनस्पती तुपाचे रिकामे डबे गोळा केले, डाग देऊन तोंडं बंद केली, रंगानं एक ते बारा आकडे टाकले आणि विहिरीभोवती मांडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाराचे चार राहिले. आमच्याकडे रिकाम्या डब्याला सकाळच्या वेळी किती मागणी असते, ते सांगायला नको. आठवडाभर सर सकाळी पांदीच्या वाटेवर उभं राहून भल्या भल्या माणसांच्या हातातला आकडा वाचत होते. "सात नंबर! अहो सात नंबर!" पोलीस पाटील हातातला डबा लपवत पळाले होते, असं दादा सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक.

तेव्हा सरांनी डबे सोडून खडू धरले. एका सपाट पाटीवर सहा खडू उभे करायचे, पहिला अख्खा, दुसरा थोडा आखूड, असं करत शेवटचा बोटाच्या पेराएवढा. जमीन हलली की उंच खडू आधी पडतो, बुटका शेवटी. किती खडू पडले यावरून धक्का केवढा ते कळतं. याच्यात चोरण्यासारखं काही नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात राजस्थानात आपला स्फोट झाल्याची बातमी आली. गावात पेढे वाटले गेले. सुट्टीतल्या कामाला आलेल्या आम्हा शिक्षकांसाठी शेटजींनी शाळेत स्वतः टोपली आणली. हे शेटजी म्हणजे मंठ्याच्या बाजारातलं मोठं प्रस्थ. आजोबांच्या आजोबांपासून इथलेच, पण सोयरिकी अजून तिकडं राजस्थानात. सर पेढा हातात धरून उभे. "किती किलोटन?" पेपरात आकडा होता, कुणीतरी वाचून दाखवला. "आणि चूक किती?" वाचणारा पेपर उलटून बघू लागला. सरांनी पेढा टोपलीत परत ठेवला. "चूक कळंपर्यंत माझा पेढा ठेवा, शेटजी."

शेटजी हसले, पण माणूस दिलदार. त्यांनी तिकडच्या आठ-दहा सोयऱ्यांचे पत्ते दिले आणि सरांनी त्यांना पत्रं घातली. जमीन हलली का? फळीवरची भांडी वाजली का? कोणती, पितळी की पत्र्याची? किती वाजता? महिन्याभरानं उत्तरं आली. बहुतेकांनी 'काही कळलं नाही, सर्व कुशल' असं कळवलं होतं. शेटजींच्या एका मेव्हण्यानं मात्र लिहिलं होतं की मांडणीवरची पातेली वाजली. सरांनी ते कार्ड पाकिटात घालून त्याला परत पाठवलं. वर लाल शाईनं एकच शब्द, 'वेळ?' मेव्हणा चिडला. शेटजींकडे तक्रार आली, तुमच्या गावचा मास्तर आमचं कार्ड तपासतो. शेटजी पोट धरून हसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात याच शेटजींनी दादांवर तक्रार केली.

ग्रामपंचायतीची विहीर शेटजींच्या गोदामामागच्या पडीक जागेत चालली होती. एका बुधवारी दुपारी दादांनी सुरुंग उडवला, आणि संध्याकाळी गोदामाची मागची भिंत दहा-बारा हात खचून पडली. खाली कुणी माणूस सापडलं नाही, हे नशीब. पण शेटजींनी परतूरला अर्ज दिला की सुरुंगवाल्यानं बेसुमार दारू भरली, परवाना रद्द करावा. शनिवारी नायब तहसीलदार जागेवर येणार असं ठरलं.

दादा जेवेनात. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत बसले. मला एवढंच म्हणाले, "मी कधी एक कांडी जास्त लावली न्हाई. पण माझं कोण ऐकंल?" मी म्हटलं, "सरांची वही ऐकतील." कारण त्या दुपारीही सरांनी गोदामाच्या ओट्यावर, त्या भिंतीलगतच खडूंची पाटी ठेवली होती. आणि मला ठाऊक होतं की धमाक्यानंतर विहिरीवरचे कपटे मोजून अर्ध्या तासानं सर तिथं पोचले, तेव्हा सहाच्या सहा खडू उभे होते. एकही पडला नव्हता. म्हणजे दादांच्या सुरुंगानं ओट्याची झोपमोडही झाली नव्हती. आम्ही जिंकलोच होतो.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी पडलेली भिंत बघायला गेले. गोदामावर राहणारी चौकीदाराची बायको, तिला सगळे मावशी म्हणत, ती ओटा झाडत होती. मला बघून म्हणाली, "बाई, सरान्ला सांगा, त्यांचं सामान नीट संभाळलं म्हणावं. धमाका झाला आन् खडू आडवे पडल्ते. म्या उचलून सगळे परत उभे करून ठिवले. पोरायच्या पायाखाली आले असते न्हवं का."

मी लगेच विचारलं, किती पडले होते? ते तिला आठवत नव्हतं. "पडल्ते की. उभे केले." तिच्या लेखी गोष्ट संपली होती.

मी घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही. सरांना नाही, दादांनाही नाही. हे मी आज लिहितेय त्याला कारण आहे, पण तेव्हा मनात दुसरा विचारही आला नव्हता. माझ्या बापाचा परवाना त्या सहा खडूंवर उभा होता, आणि ते मी पाडणार नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळी सर घरी आले. कधी येत नसत. चहा घेतला. दादांशी इकडचं तिकडचं बोलले. निघताना दारात थांबून मला म्हणाले, "बाई, काही सांगायचंय का?"

"नाही, सर."

"बरं." चपला घातल्या आणि पावलं मोजत गेले.

शनिवारी गोदामाच्या ओट्यावर खुर्ची टाकून नायब तहसीलदार बसले. शेटजी, दादा, सर, मी, आणि मागं बघ्यांची गर्दी. दादा उभे होते. शेटजींनीच सुरुवात केली. "देखो साहेब, मी काही दुश्मन न्हाई. गुरुजींची वही काढा. वहीत असंल ते आपल्याला मान्य."

माझा जीव भांड्यात पडला. आणि सर उठले, वही उघडली आणि म्हणाले, "पहले चूक, साहेब. हे वाचन बाद हाय."

"बाद म्हणजे?" नायबांनी विचारलं.

"खडू पडल्ते. कुणीतरी भल्या मनानं परत उभे केले. मी नेहमी उंचापासून बुटक्यापर्यंत रांग लावतो. मी आलो तेव्हा उंच खडू मधी आणि बुटके दोन्ही कडेला, रांगोळीसारखे मांडलेले होते. तेव्हाच शंका आली. पाटीजवळ माणूस बसवायला पायजे होता. चूक माझी."

मावशी पदरात तोंड घालून बसली. शेटजी खुर्चीच्या कडेला आले. "म्हंजे खडू पडल्ते! सुरुंग जोराचा होता!"

"पडल्ते. किती, ते माहीत न्हाई. एक पडला का सहा पडले, सांगता येत न्हाई."

मला त्या माणसाचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. एक वाक्य गिळलं असतं तर काय जात होतं? दुसऱ्याच्या बापाच्या जिवावर खरं बोलणं सोपं असतं, असं मी मनात म्हटलं. जोरात म्हणायचीही तयारी होती. पण तेवढ्यात दादा पुढं आले. वाकले नाहीत, हात जोडले नाहीत. सरळ नायबांकडे बघून म्हणाले, "साहेब, विहीर अजून दोन पुरुस खाली जायचीच हाय. आज तिथंच उडवतो. तेवढीच भोकं, तेवढ्याच कांड्या, तुम्ही मोजून द्या. ही दुसरी भिंत तेवढ्याच अंतरावर हाय. तिला तडा गेला, तर परवाना मी माझ्या हातानं काढून देतो."

"मामा, इचार करा," शेटजीच म्हणाले.

"केला. मला माझं काम ठाऊक हाय. सर, खडू मांडा."

सरांनी पाटी मांडली. मावशीला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसवून सांगितलं, "मावशी, आता भूकंप झाला तरी हात लावायचा न्हाई." नायबांनी स्वतः कांड्या मोजल्या. मी पाटीपाशी उभी होते आणि श्वासानं खडू पडेल म्हणून तोंडावर पदर धरला होता.

"होश्शियाऽऽर!"

दादांचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवसाइतका खणखणीत कधीच नाही. धमाका झाला. ओटा पायाखाली थरथरला. अख्खा खडू डुलला आणि पडला. दुसरा हलला, हलत राहिला, आणि उभाच राहिला. बाकीचे चार जागचे हलले नाहीत. भिंतीवरून चिमूटभर मातीही खाली आली नाही.

"एक!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सर म्हणाले, "गप बसा. एकदा मोजलं म्हंजे मोजलं न्हाई." ते पुन्हा खडू मांडत होते, तेवढ्यात समोरून शेटजींचा सरकीच्या पोत्यांचा ट्रक आला. ड्रायव्हरला या सगळ्याची खबर नव्हती. त्यानं रोजच्यासारखा ट्रक मागं घेतला आणि ओट्याला लावला.

पहिला खडू पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. चौथाही डुलत डुलत आडवा झाला.

सर ड्रायव्हरकडे गेले आणि म्हणाले, "जरा पुढं घेऊन परत मागं घ्या." चार खडू. "अजून एकदा." ड्रायव्हर शिव्या देत होता. "अजून एकदा, भाऊ, जल्दी न्हाई." तीन खडू. मग सरांनी दादांना हाक मारली आणि संध्याकाळपर्यंत दादांनी तेवढ्याच कांड्यांचा सुरुंग आणखी दोन वेळा उडवला. दोन्ही वेळा एक-एक खडू.

सर नायबांपुढं उभे राहिले. "चूक एका खडूची धरा. सुरुंगाला एक, ट्रकला चार. ट्रक रोज किती येतात ते शेटजी सांगतील."

नायब उठून पडलेल्या भिंतीपाशी गेले आणि पायाच्या जागी छत्रीचं टोक खुपसलं. छत्री अर्धी आत गेली. काळी माती. मुरूम लागेपर्यंत पाया नेलाच नव्हता. आमच्याकडच्या कुठल्याही गवंड्याला विचारा, काळ्या मातीवर घर बांधायचं म्हणजे पाण्यावर बांधायचं. शेटजींनी छत्रीकडे बघितलं, ट्रककडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "गाडी माझी, गवंडी माझा, माती बी माझीच. मामा, माफ करा." अर्ज तिथंच फाडला. दादा फक्त म्हणाले, "पाया पक्क्यात घ्या, शेटजी. खाली दगड लागला तर मी हायेच."

मी आठ दिवस सरांशी बोलले नाही. नवव्या दिवशी राहवेना. शिक्षकांच्या खोलीत दोघंच होतो तेव्हा म्हटलं, "तुम्ही वाचन बाद केलं नसतं तर काय बिघडलं असतं? शेवटी उत्तर तेच आलं ना?"

"उत्तर तेच आलं, हे कसं कळलं, बाई?" सर म्हणाले. "मोजलं म्हणून."

मावशीनं मला गुरुवारीच सांगितलं होतं, हे तेव्हाही बोलता आलं नाही. दिवस जाऊ लागले की अशा गोष्टी आणखी जड होतात.

अठ्ठ्याहत्तर साली सरांची बदली हिंगोलीकडं झाली. निरोप समारंभात हेडमास्तर म्हणाले, सर इथं पाच वर्षं होते. सर जागेवरून म्हणाले, "सहा. चूक दोन महिने." एसटी स्टँडवर पोचवायला मी आणि दादा गेलो होतो. गाडी हलता हलता त्यांनी खिडकीतून सुरुंगाची ती वही माझ्या हातात दिली. "तिकडं खडक न्हाई म्हणतेत. मामांचं काम हाय हे, मामांच्या घरात राहू द्या."

गाडी गेली. दादा चहाला गेले आणि मी तिथंच बाकावर वही चाळू लागले. प्रत्येक पानावर चार रकाने, तारीख, काय मोजलं, किती, चूक. त्या बुधवारचं पान लगेच सापडलं, त्यावर सहा खडूंची रांगोळी काढलेली होती. खाली शुक्रवार दुपारची नोंद. 'मावशींना विचारलं. खडू त्यांनी उभे केले. काल बाईंना सांगितलं म्हणाल्या.' त्याच्या खाली आणखी एक ओळ. 'बाईंना माहीत आहे. सांगतील.' 'किती'चा रकाना कोरा होता. आणि चुकीच्या रकान्यात सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शून्य.'

आयुष्यात कुणाला शून्य लिहू न देणारा माणूस. मी त्यांना दारात उभं राहून 'नाही, सर' म्हटलं होतं. त्यानंतर घरी जाऊनही त्यांनी ते खोडलं नव्हतं, आणि पुढं तीन वर्षांतही नाही. बाकावर बसून मी रडले, स्टँडवरच्या सगळ्या माणसांदेखत, आणि मला त्याची लाज वाटली नाही. दादा चहा घेऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मला काय सांगून राह्यली? ज्याला सांगायचं त्याला लिही." मी समोरच्या पोस्टातून कार्ड आणलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. 'सर, मला गुरुवारीच माहीत होतं. तुम्ही दारात विचारलंत, तेव्हा मी खोटं बोलले.' खाली सही केली आणि पेटीत टाकलं.

पंधरा दिवसांनी हिंगोलीहून पाकीट आलं. आत माझंच कार्ड होतं, परत आलेलं. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'तारीख? वहीत भरा. बाकी बराबर.'